केस माझे, खांदाही माझाच

एक जानेवारीला सकाळी सकाळी माझ्या मुलीनं मला सुधारायला घेतलं.

मुलगी पुण्याला नोकरी करते. नाताळच्या सुट्टीत जबलपूरला आली की तिला ताजा मटार, अंगणातलं ऊन आणि खोव्याची जलेबी एवढंच हवं असतं. जलेबी तिनं एकतीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत मन लावून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी साखर बंद केली. स्वतःची नाही फक्त, साऱ्या घराची. पहाटे उठायचं, कोमट पाण्यात लिंबू पिळायचं, पोळीऐवजी नाचणीची भाकरी, संध्याकाळी ध्यान. मी चहाचं आधण ठेवलं होतं, तिनं मागून येऊन साखरेचा डबाच उचलला.

"नवीन साल, आई. नवीन तू."

"जुनीत काय खराबी होती गं?" मी म्हटलं. "जुनीनंच तुला वाढवलं ना?"

यांना हसू आलं. हे म्हणजे माझे यजमान. यांचा स्वतःचा संकल्प दर वर्षी एकच असतो, सकाळी ग्राउंडवर फिरायला जायचं. एक तारखेला ग्राउंडवर अख्खी कॉलनी लोटते, सगळ्यांचे बूट नवेकोरे, सगळे हात हलवून राहिलेत जोरजोरात. संक्रांत आली की तेच जुने चार म्हातारे आणि त्यांचे ते कुत्रे उरतात. यांचे बूट तोवर पलंगाखाली गेलेले असतात. मी कधी काही म्हणत नाही. थंडीत माणसानं रजई सोडली नाही तर त्यात त्याचा काय गुन्हा?

पण त्या दिवशी पोरीचा खरा डोळा माझ्या केसांवर होता.

झालं असं होतं की मागच्या पावसाळ्यात कधीतरी माझा उजवा खांदा आखडला. पडले नाही, आपटले नाही, जड काही उचललं नाही. एक दिवस वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला गेले आणि हात अर्ध्यात थांबला. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, या वयात होतं, साल-डेढ़ साल लग जाता है, थोडा थोडा हिलाते रहिए. समोरची सारी कामं व्हायची. पोळ्या लाटायची, मटार सोलायची, कपड्यांच्या घड्या करायची. पण हात काही वर जाईना आणि पाठीमागे तर मुळीच जाईना. म्हणजे माझा अंबाडा गेला.

आता कोणाला वाटेल, अंबाड्याचं काय एवढं घेऊन बसली ही बाई. सांगते ना. मी इथल्या सरकारी फॅक्टरीच्या स्टोअर्समध्ये क्लर्क होते, रिटायर होईपर्यंत. सकाळी पहिला भोंगा वाजला की घरात नुसती पळापळ. यांचा डबा, पोरीची शाळा, सासूबाईंचं औषध, नळाचं पाणी. त्या सगळ्यात मी कपाटासमोर उभी राहायची, दोन्ही हात मागे घ्यायची, केसांचे आकडे तोंडात धरायची आणि अंबाडा बांधायची. आरसा लागत नव्हता. तोंडात आकडे असले की मला उत्तर देता यायचं नाही, म्हणून तेवढ्या वेळात घरात कोणी मला हाकच मारत नव्हतं. दिवसभरात तेवढाच वेळ माझा होता. तो मी कोणाला काहून देऊ?

खांदा आखडल्यापासून माझी वेणी हे घालून देत होते. हे त्याच फॅक्टरीत टर्नर होते, जन्म लेथ मशीनवर गेला. वेणीसुद्धा अशी घालायचे की कुठं सैल पडायला नको. भुवया वर चढायच्या माझ्या. "अहो, डोकं आहे ते, नट-बोल्ट नाही," मी ओरडायची. हे म्हणायचे, "सुटली तर मग मलाच बोलशील." रोज सकाळी चहा झाला की कंगवा घेऊन खुर्चीमागे उभे. कधी कंटाळा केला नाही, खोटं काहून बोलू?

तर एक तारखेला, साखरेचा डबा ताब्यात घेऊन झाल्यावर, पोरगी म्हणाली, "आई, मैंने टाइम ले लिया है. सिविल लाइंसमधल्या पार्लरमध्ये. दुपारी जायचं आपण."

"कायचा टाइम?"

"हेअरकटचा. एकदम छोटे नको, मानेपर्यंत. इतना प्रॅक्टिकल है ना, तुला पण बरं आणि बाबांना पण."

"मला विचारलं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असती."

"मग झालं की! नाहीच आहे!"

तिथून सुरू झालं आमचं. ती म्हणे, तू जिद्दी आहेस. मी म्हटलं, केस माझे, डोकं माझं, तुला त्रास काहून होऊन राहिला? ती म्हणे, शुगर बॉर्डरवर आहे, खांदा तसा आहे, आणि तुला पडली आहे केसांची. मी म्हटलं, हो, पडली आहे! हे तेव्हा माझ्यामागे कंगवा घेऊन उभेच होते, वेणी अर्धी झालेली. आणि पोरीच्या तोंडून निघून गेलं, "बाबा उद्या नसले तर कोण घालणार आहे तुझी वेणी?"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. माझ्या केसातला यांचा हात थांबला, मग परत चालू झाला.

"मी आहे ना अजून, बाई," हे म्हणाले. "वेणी तर पुरी करू दे."

माझ्या डोक्यात मात्र जाळ झाला होता. रागापेक्षा भीती जास्त होती, हे आज कळतं. तिनं जे बोलून दाखवलं ते मी पावसाळ्यापासून मनात ठेवून होते. म्हणून मी खुर्चीवरून उठले आणि सांगितलं, "रथसप्तमीला माझं हळदीकुंकू असतं. त्या दिवशी माझा अंबाडा मी बांधून दाखवीन, माझ्या हातानं. नाही जमलं तर तू म्हणशील त्या पार्लरमध्ये जाईन आणि तू म्हणशील तेवढे कापून घेईन."

"पक्का?"

"पक्का."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्याच्या संकल्पाला हसणारी मी, त्या सकाळी साऱ्या कॉलनीत सगळ्यात मूर्ख संकल्प माझा होता. डॉक्टर साल-डेढ़ साल म्हणून राहिला आणि मी महिनाभराची बोली लावून बसले.

पोरगी पुण्याला गेली आणि मी खांद्याच्या मागे लागले. भिंतीवर बोटं चालवायचा एक व्यायाम असतो. भिंतीजवळ उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर न्यायची. जिथवर पोचतील तिथं खूण करायची. पेन्सिल शोधायचा कोणाला धीर, देवघर बाजूलाच होतं. मी ओलं कुंकू बोटाला लावलं आणि भिंतीवर ठिपका दिला. हे दिवाळीत स्वतः रंग दिलेल्या त्या भिंतीकडे बघत राहिले.

"हे निघत नाही, माहीत आहे ना?"

"मग राहू द्या," मी म्हटलं.

पहिल्या दिवसाचा ठिपका नाकाच्या उंचीवर आला. दुसऱ्या दिवशी मी बोटं ओढून ओढून डोळ्यापर्यंत नेली. मग म्हटलं, असं मुंगीच्या चालीनं रथसप्तमी काय, पुढची दिवाळी येईल. टॉवेल मागून धरून डाव्या हातानं उजवा खेचायचा, दाराच्या चौकटीला लटकायचं, दात-ओठ खायचे, सगळं केलं. फॅक्टरीत मार्च आला की असंच चालायचं. वरून टार्गेट यायचं आणि मग दिवसरात्र मशीन चालवून कसंही करून आकडा गाठायचा, मागून मशीन बसली तरी चालेल. माझीही मशीन बसली. एका सकाळी हात छातीपर्यंतही येईना. पोळपाटावर लाटणं फिरवताना डोळ्यांतून पाणी आलं. हे बाहेरून पोळ्या घेऊन आले.

फिजिओथेरपीवाली पोरगी आमच्याच भागातली, नवीन नवीन शिकून आलेली. तिनं खांद्याला हात लावला आणि तोंडच पाडलं.

"काए आंटी, ये क्या कर लिया?"

मी तिला सारी हकीकत सांगितली. रथसप्तमीचं ऐकून ती हसायलाच लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. "आंटी, उस दिन तक तो नहीं होगा. सच बोल रही हूँ. होली तक कान के ऊपर चला जाए तो लड्डू खिलाना मुझे."

"और जूड़ा?" मी अंबाड्याचं विचारलं.

"जूड़ा बाद में देखेंगे ना. जितना दर्द सहन हो, बस उतना ही. जिस दिन नहीं जाता, उस दिन नहीं जाता."

घरी येऊन मी खूप रडले. यांना म्हटलं, मी हरले हो. हे म्हणाले, "जाम झालेल्या मशीनवर हातोडा मारत नसतात. तेल घालायचं आणि थांबायचं."

"मी मशीन नाही!"

"मशीन असती तर ऐकलं असतं," हे म्हणाले.

त्या दिवसापासून मी टॉवेल फेकला आणि परत भिंतीपाशी गेले. ठिपका आता हनुवटीच्या खाली आला होता, पहिल्या दिवसापेक्षाही खाली. मला तो लावायची लाज वाटली. वाटलं, आजचा राहू द्यावा, वर गेला की लावू. मग मलाच माझा संताप आला. काहून लपवायचं? कोणाच्या बापाचा खांदा आहे? माझा आहे, आणि आज तो इथवर जातो. मी बोट चांगलं बुडवून मोठा ठिपका लावला. मग रोज जिथं पोचेल तिथं लावत गेले. कधी वर, कधी खाली, कधी कालच्याच ठिपक्यावर. थंडी जास्त असली की खाली यायचा, सकाळी गरम पाण्यानं शेकलं की जरा वर जायचा. संक्रांतीला तीळगूळ केला, साखरेची चिक्कीसुद्धा केली. पोरीनं व्हिडिओ कॉलवर बघितली आणि डोळे मोठे केले. मी म्हटलं, "संक्रांत चौदा तारखेला असते हे एक तारखेला साखर सोडणाऱ्यानं कॅलेंडरमध्ये बघून घ्यायला पाहिजे." मी एकच वडी खाल्ली, पण ती उन्हात बसून, पाय पसरून, सावकाश खाल्ली. मग तिनंही कबूल केलं की तिचं ध्यान पहिल्या आठवड्यातच सुटलं आणि नाचणीचा डबा तसाच आहे. मला आनंद झाला नाही. बिचारीवर दयाच आली.

"पण आपली गोष्ट लक्षात आहे ना?" तिनं फोन ठेवता ठेवता विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

रथसप्तमी उजाडली. त्या दिवशी इकडे नर्मदा जयंती, सारं शहर ग्वारीघाटाच्या रस्त्याला लागलेलं. हे दर वर्षी आपल्या फॅक्टरीच्या जुन्या लोकांबरोबर भंडाऱ्यात पुऱ्या तळायला जातात. सकाळी माझं न्हाणं व्हायचं होतं, केस ओले असणार, म्हणून हे म्हणाले, "दुपारी येतो ना, आल्यावर घालून देतो वेणी. तुझ्या बाया संध्याकाळी येतात." आणि गेले.

मी न्हाले, केस उन्हात वाळवले, हरभरे भिजवलेले होते ते परतले, वाणाच्या वाट्या मांडून ठेवल्या. ऊन कलायला लागलं तरी यांचा पत्ता नाही. मग फोन आला. मागे लाउडस्पीकर, गर्दी, काही ऐकू येईना. "रस्ता बंद केलाय, पोलीस गाड्या सोडून नाही राहिले. पायी निघालो तरी वेळ लागेल. तू समोरच्या वहिनींना सांग ना वेणीचं."

फोन ठेवला. घरात मी एकटी, केस मोकळे, बाया यायला थोडाच वेळ. आणि पोरीचा प्रश्न त्या खोलीत जसाच्या तसा उभा. बाबा नसले तर कोण घालणार?

मी कपाटासमोर उभी राहिले. आकडे तोंडात धरले, जुन्या सवयीनं. डावा हात मागे नेला, उजवा उचलला. कानापर्यंत आला. थांबला. मी श्वास सोडला, परत उचलला. कान. पुन्हा कान. कानाच्या मागे जाईना म्हणजे जाईना. आकडे थुंकून टाकले, पलंगावर बसले आणि मान खाली घालून ढसाढसा रडले. केसांसाठी नाही हो. त्या दिवसासाठी, जो अजून आला नव्हता आणि कधीतरी येणारच होता.

मान खाली घातली होती म्हणून केस सारे पुढे आले होते. मांडीवर पडले होते. डोळे पुसायला हात वर केला तर केसच हातात आले. मी बघत राहिले. हात इथं तर चालतात. याच हातांनी मटार सोलले, पोळ्या लाटल्या. अंबाडा मागेच असतो, वेणी पाठीवरच असते, हे मला कोणी सांगितलं होतं? मीच.

मी डाव्या हातानं मागचे केस गोळा केले, डाव्या खांद्यावरून पुढे घेतले आणि छातीपाशी वेणी घालायला लागले. तीन पेड, एकावर एक. दुखलं, पण सहन होण्याइतकंच. शेवटाला लाल रिबीन बांधली, वाणाच्या पुड्याची होती ती. मागे दोन-चार बटा सुटल्याच, त्या डाव्या हाताला सापडल्या नाहीत. त्यांना म्हटलं, राहा तिथं. शेवंतीचं फूल वेणीतच खोचलं.

बाया आल्या. समोरच्या वहिनींनी दारातच गालाला हात लावला. "अगं बाई! कॉलेजात नाव घातलं की काय?"

"घातलं," मी म्हटलं. "फर्स्ट इअरला आहे. बसा, कुंकू लावते."

त्या हसल्या, मीही हसले. खुर्च्यांवर बसलेल्या बायांच्या कपाळापर्यंत माझा हात आरामात पोचत होता. एकीनं भिंतीवरचे ठिपके बघून विचारलं, हे काय व्रत आहे? मी म्हटलं, हो, माझंच आहे.

बाया गेल्यावर पोरीचा व्हिडिओ कॉल आला.

"काय मग? अंबाडा?"

"नाही जमला. हरले मी."

"मग टाइम घेऊ पार्लरचा?"

"नाही."

"आई! तू शब्द दिला होता!"

"दिला होता. रागात दिला होता. आता परत घेतला."

"असं थोडंच असतं?"

"असतं. माझ्याच शरीराशी लावलेली पैज, मीच मोडली. कोण येतं बघू मला पकडायला!" आणि मी फोन खाली नेऊन, मग मान वळवून तिला वेणी दाखवली.

तिनं नीट बघितलं. "बाबांनी घातली?"

"बाबा घाटावर अडकलेत. दुपारपासून घरात कोणी नव्हतं."

पोरीनं नाक ओढलं आणि म्हणाली, "मागे केस सुटलेत तुझे."

"सुटू दे. मला कुठं मागे दिसतं?"

मग ती रडली. मी तिला रडू दिलं, आणि म्हटलं, आता जेव, आणि गोड खा थोडं.

हे अंधार पडल्यावर आले, पाय भरून आलेले, हातात प्रसादाचा द्रोण. वेणीकडे बघितलं. वरून खालपर्यंत बघितलं, जसं तयार झालेलं काम बघावं. "चांगली आहे," म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला तरी हे जागचे उठले नाहीत. पेपर तोंडासमोर धरून बसले. कंगवा कपाटावर होता तिथंच. मी जरा वाट बघितली. पेपरचं पान काही उलटेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"आता तुला येते ना," हे पेपरामागून म्हणाले.

मी उठले, कंगवा आणला, यांच्या हातातला पेपर काढून बाजूला ठेवला आणि कंगवा हातात दिला. खुर्ची ओढून यांच्याकडे पाठ करून बसले.

"येते मला," मी म्हटलं. "तरी तुम्हीच घाला. आणि जरा ढिली घाला, बाप्पा."